पाणीच तर पडंल

मशीन घरपोच आलं, साडेचार हजाराला.
सोबत काच, ब्रश, हातोडी.
मोंढ्यातून अर्धा किलो रॉड आणले.

पहिला चिकटला पाइपाला
गोचिडासारखा.
दुसरा पेटला, आणि काच डोळ्यांपुढं धरायच्या आधीच
पाहून घेतलं मी पाहायचं ते.
रात्रभर डोळ्यांत वाळू.
बटाट्याच्या चकत्या ठेवत रेवती म्हणाली,
'सेलूतले वेल्डर मेले काय सगळे?'

सकाळी मात्र टाका होता.
कावळा शिटून गेल्यासारखा, पण होता.
बादलीचा स्टँड उभा राहिला.
मग सायकलचं कॅरिअर.
मग शिडीची खालची पायरी,
खालचीच.

झोक्याची कडी तुटली, तीही जोडली.
दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. धरली.
तरी ओवीला म्हणालो, उद्या बस.
उद्याही म्हणालो, उद्या.

तिसऱ्या दिवशी मकदूमभाईंना बोलावलं.
त्यांनी हातोडी एकदाच मारली, हलकीच.
माझा टाका पायाशी पडला.
आतून पोकळ, काळा.
'कामून हात घालावा, सर?
जोडायचे शंभर. तुमचं घासून काढायचे दीडशे.'
मी घासाघीस केली नाही.

घास घास घासलं. मग एका दमात,
कढईत काही तळावं तसा सलग आवाज.
कडी निवली तसे स्वतःच झोक्यावर बसले,
सव्वा मणाच्या वर गडी,
पाय उचलून, बशीत चहा ओतून.

जाताना स्टँडशी थांबले.
मी हातोडी पुढं केली.
'राहू द्या ते,' म्हणाले,
'पाणीच तर पडंल.'