दुधाच्या हिशेबाशेजारी

दिनदर्शिकेवर मी दुधाचा हिशेब मांडते.
त्याच चौकोनात, खालच्या कोपऱ्यात, बारीक क.
क म्हणजे केलं.
दूधवाल्याला वाटलं क म्हणजे कमी.
एकदा त्यावरून दारात चांगलंच भांडण झालं.

बावीस दिनदर्शिका कपाटावर, सुतळीने बांधलेल्या.
रंगाऱ्याने आज कपाट सरकवायला लावलं
म्हणून खाली काढल्या,
आणि बसले सोडून.

पहिला क घरतबाईंचा.
घणसोलीच्या शाळेत बाकं भिंतीला लावून
आम्हा दहाबारा बायकांना त्या ओरडायच्या,
"सास काय उसना आनलाय गो? सोर ना पुरा!"

आमच्या खोलीत पलंग आणि शिलाई मशीनच्या मधे
एक सतरंजी मावते, तीही कडेने दुमडून.
उजवीकडे वाकलं की मशीनचं चाक कानाला लागतं,
म्हणून त्रिकोणासन बावीस वर्षं
फक्त डावीकडेच नीट झालं.
पहाटे रबाळ्याच्या कंपन्या हवेत काहीतरी सोडतात,
कुजक्या अंड्यासारखं.
तेव्हा अनुलोम-विलोम म्हणजे
आधी कोणत्या नाकपुडीला शिक्षा द्यायची, एवढंच.

हे हसायचे.
वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी पाठीवर घेणारा माणूस,
"आपलं झालं बाबा सकाळीच," म्हणायचे,
"गोणीनमस्कार."

दोन हजार नऊ, ऑगस्ट. नऊ चौकोन कोरे.
सुशांतचा ताप उतरत नव्हता.
दहाव्या चौकोनात क, पुढे प्रश्नचिन्ह:
वॉर्डाबाहेरच्या बाकावर घोटे फिरवले होते,
पाच इकडून, पाच तिकडून.
सलाईनवाली मुलगी म्हणाली, "मावशी, मुंग्या आल्यात का?"

त्याच्या पुढचं अख्खं वर्ष एकही खाडा नाही.
ते वर्ष बघून मला माझाच राग येतो.
जावेशी अबोला होता तेव्हा.
रोज चाळीस मिनिटं,
पोट सपाट, जीभ धारदार.

मग ह्यांची कंबर गेली.
डॉक्टरने सांगितलं, पालथं झोपायचं, श्वासाकडे बघायचं.
सतरंजी एक, माणसं दोन.
मी मशीनच्या बाजूला, हे अर्धे पलंगाखाली,
मकरासनात, बटाट्यांच्या टोपलीकडे तोंड करून.
मी म्हटलं, श्वास सोडा.
सोडला. पुन्हा घेतला, जरा जास्तच खोल.
"हे तळेगावचे नाहीत गं.
फसवलं तुला."
त्या दिवशी हसण्यात सगळं राहिलं.
तरी लिहिलाय मी क, चांगला ठसठशीत.

आई इथेच गेली, ह्याच खोलीत.
त्या रात्री दिव्याजवळ मी जमिनीवर पडले,
तळवे वर, पाय थोडे लांब, डोळे मिटून,
बाईंनी शिकवलं होतं अगदी तसं,
आणि सकाळपर्यंत हलले नाही.
त्याला काय म्हणायचं?
त्या चौकोनात पेन टेकवल्याचा ठिपका आहे.
अक्षर नाही.
दूध मात्र त्या दिवशी दोन लिटर, चहासाठी.

लॉकडाऊनची पानं चाळत नाही.
तिथे क रोज आहे
आणि दूध कधी पाव लिटर, कधी रेघ.

आता वज्रासनात गुडघ्यांखाली उशी लागते.
उठताना मशीनला धरते,
म्हणजे शेवटी तेही कामाला आलं.

"मावशी, रद्दीत टाकू का हे?" रंगारी विचारतो.
नको, म्हटलं, वरच ठेव.
भिंत अजून ओली. आजची दिनदर्शिका
पलंगावर उताणी पडलीय, आज तारखेत काहीच नाही.
सतरंजीवर रंगाचे डबे.
जिन्यात जाऊन बसले थोडा वेळ, पाठ ताठ,
रंगाच्या वासात, शेजारच्या पोराची सायकल सांभाळत.

"खिळा होता तिथेच ठोकू ना?"
तिथेच रे.
नाही, थांब. वीतभर खाली घे.
हात हल्ली पूर्वीएवढा वर जात नाही.