कौलाची उलटी बाजू

नवे पाळक धारवाडहून बदलून आले
आणि खानापुरातल्या पहिल्याच घरसभेत म्हणाले,
आज अर्धा तास कुणी बोलायचं नाही.
नुसतं बसायचं. देव बोलेल.

मी बसले.
स्टेशनाकडनं मिरजेची गाडी गेली, ती ऐकली.
दयानिधी मास्तरांच्या वहीचं पान ऐकलं.
विनंत्या ते तारीखवार लिहितात,
उत्तर आलं की बरोबरची खूण,
नाही आलं तर पेन्सिलीनं, खोडता येईल असं, प्रश्नचिन्ह.
सुकृताक्का नाक ओढत होती.
तिला डोळे मिटले की रडूच येतं,
त्यात दुःख असतंच असं नाही.
मग आठवलं, दूध चुलीवर राहिलंय.
देव बोललाही असेल.
मला दूधच ऐकू आलं.

माझं असं आहे की
मी देवाशी परसाच्या कुंपणावरून बोलते.
बापा, फुलाबाईचा गुडघा बघ.
बापा, लोंढ्याच्या पोरीला संभाळ,
नवरा धड नाही तिचा, तुला सांगायला नको.
बापा, एस्तेरचा पेपर कन्नडमध्ये
आणि तिची अक्कल मराठीत,
तेवढं तू मध्ये राहून जुळव.
रोज रात्री भांडी पालथी घातली की तासभर हेच.

शांतवन भिंतीकडे तोंड करून पडलेला.
बावीस वर्षं.
सभेत त्याची पाळी आली की एकच शब्द, आमेन,
तोही अर्धा घशात.
बायका विचारायच्या,
तुझा माणूस विश्वासात आहे न्हवं?
मी म्हणायची, आहे की. दमतो.
आणि घरी येऊन देवापुढं त्याचीच तक्रार करायची,
त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

कौलांच्या कारखान्यात तो.
मलप्रभेकाठची तांबडी माती मळायची,
साच्यात दाबायची, कडा तासायच्या, सावलीत वाळवायची,
मग रात्र रात्र भट्टीपाशी जागायचं.

परवा वानरांनी देवळाच्या छपरावर धिंगाणा घातला.
चार-पाच कौलं खाली आली.
मी झाडू घेऊन गेले
तर एक अख्खंच, उताणं पडलेलं,
आणि त्याच्या पोटावर खिळ्यानं ओढलेली,
ओल्या मातीतच ओढून मग भाजलेली,
मोडकी अक्षरं:
फुलाबाई. गुडघा.

मी झाडू खाली ठेवला.
दुसऱ्यावर होतं, लोंढ्याची पोर.
तिसरं फुटलं होतं नावाच्या मधोमध.
एस्ते
एवढंच माझ्या हातात. र कुठं सापडला नाही.

हे छप्पर शाकारून पाच वर्षं झाली.
म्हणजे गुडघाही पाच वर्षांमागचा.
तो बरा झाला, आता दुसरा दुखतो.

संध्याकाळी विचारलं, बाकीची कुठं आहेत?
तो पाय धूत होता.
म्हणाला, निपाणीला गेली काही. संकेश्वरला.
गोव्याला ट्रक गेले. कुणाच्या घरावर बसली काय म्हाईत.

म्हणजे कुठल्या तरी तंबाखूच्या वखारीवर,
कुणा अनोळखी बाईच्या चुलीवर,
माझी सगळी बडबड
पालथी पडून पाऊस झेलतेय
आणि खालच्यांना पत्ता नाही.

आणि माझं नाव? मी विचारलंच.
तुझं कशाला, म्हणाला,
तू स्वतःच सांगतीस की सगळं त्याला.

मी हसले. मग सुकृताक्कासारखं झालं थोडं.
त्या रात्री भांडी पालथी घातली
आणि पहिल्यांदाच कळेना, कुठून सुरुवात करू.
कुणीतरी उतरवून घेतंय म्हटल्यावर
माणूस शब्द जपून वापरतो.
दोन-तीन दिवसच टिकलं ते.

काल पुन्हा घरसभा. पुन्हा अर्धा तास.
मी पाळकांना विचारून तांदूळ निवडायला घेतले,
हात चालले की माझं तोंड जरा धीर धरतं.
शांतवन शेजारी.
त्याच्या अंगठ्याचं नख मांडीवर सावकाश
काहीतरी लिहीत होतं.
मी वाचायला बघितलं.
दोन अक्षरं लागली.
तेवढ्यात मास्तरांनी पान उलटलं
आणि माझं लक्ष गेलं.