उणे चाळीस

पांढरकवडा बायपास, मे महिना,
पान्याला हात लावला तर चटका.
स्कॅनर म्हणतो: कूलंट, उणे चाळीस.

"हिले हिमालयात वाटून राहिलं!" शालिक हसला.

बिचारी डबी. डॅशबोर्डखाली बसून
तिनं कधी ऊन पाहिलं नाही.
गारठा समजून इंजेक्टरांना सांगते, पाजा अजून,
आणि सायलेन्सर काळा धूर ओकतो.

सेन्सर धड होता.
जिनिंगमधल्या उंदरानं वायर कुरतडलेली.
खोटं कुणीच बोललं नव्हतं;
नुसतं तुटलं होतं,
आणि डबीनं त्या गप्प राहण्याला
थंडी वाचलं.

जोड मारला. टेप. शहाऐंशी.

शालिकनं भावाचा नंबर काढला.
दिवाळीपासून तिकडून काहीच नाही.
ग्रीसचा अंगठा
काचेवर चालेना.