कोरडी चालेल

दिवा आडवा धर, आर्लो. समोरून नको,
समोरून सगळंच स्वच्छ दिसतं.
असा, तिरपा, सांध्यालगत.
ही केसांसारखी जाळी दिसली?
तिच्यावर नख फिरव.
अडकलं तर ओरखडा, पॉलिशने जाईल.
नाही अडकत ना?
मग ती आतली आहे.

मिसेस कांगास दारात उभ्या, अंगावर नवऱ्याचा कोट.
दर शनिवारी पुसायचे ते, म्हणतात,
खिडक्यांच्या त्या निळ्या फवाऱ्याने. लख्ख.
मी काही बोलत नाही.
अ‍ॅक्रिलिकला अमोनिया लागतो तो असाच,
कौतुकाने, वर्षानुवर्षं.

जोडात बुडबुडे. एक, दोन, इथे तर पाच, ओळीने.
वरची पट्टी कोपऱ्यात कापलेली,
पाइप बसावा म्हणून कुणीतरी घाईने.
पुढच्या अंगाला फूटपट्टी लावली
तर ती मध्येच टेकते, दोन्ही टोकांशी उजेड.
पाणी उपसून दोन हिवाळे झाले,
पोट आत गेलेलं नाही.
सहाशे लिटर अजून धरून बसलीय.

भरून बघा की, त्या म्हणतात, नळ आहे.
नळ गोठलेला आहे. डुलुथमधला फेब्रुवारी,
गॅरेजच्या फरशीवर मिठाचे डाग.

मग हळूच: म्हणजे, पुसायला नको होतं का?

मी दिवा बंद करते.
पुसलं नसतं, तर मासे कसे दिसले असते?

आर्लो खिशातल्या नोटा मोजतोय.
इग्वाना ठेवला तर?

कोरडी चालेल, मी म्हणते.
कोरडी चालेल.