शक्यतो

मी साक्ष देत नाही. टिपून घेते.
मेन राज्य, ऑगस्टा, विधिमंडळाची तिसऱ्या मजल्यावरची खोली,
फेब्रुवारी. खिडकीखाली केनेबेक नदी गोठून पडलेली,
रेडिएटरवर कुणाचे तरी ओले हातमोजे.

विधेयक एका शब्दाचं.
जुन्या कायद्यात लिहिलंय:
इमारतीला शक्यतो उतार असावा,
दार शक्यतो रुंद असावं,
सूचना शक्यतो ब्रेलमध्येही.
तो शब्द ठेवायचा की काढायचा, एवढंच.

हॉटेलांचे वकील म्हणाले,
शब्द छोटा आहे, काढायचा खर्च मोठा.
नगरपालिकांचे प्रतिनिधी म्हणाले, आमची नियत साफ आहे.
मी लिहिलं, नियत साफ.
सकाळी येताना पाहिलं होतं,
बर्फाच्या गाडीने रस्ता साफ केला होता
आणि सगळा ढीग फुटपाथच्या उतारावर रचला होता.

मग वेन्डल प्लूर्द, मुक्काम रम्फर्ड.
पहाटे चारला निघालेला, दोन व्हॅन बदलून.
हनुवटीने कळ दाबतो,
एकेक अक्षर पडद्यावर येतं,
वाक्य झालं की यंत्र बोलतं.
वेळ सगळ्यांना सारखा: तीन मिनिटं.

पडद्यावर आलं, माझ्या आईने मला
आणि घंटा वाजली.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत.
त्यांनी घंटेकडे असं पाहिलं
जणू ती आपणहून वाजली.
मी तीन शब्द लिहिले. पूर्णविराम दिला नाही.

तेव्हा रांगेतून डेल्फीन वेलेट उठली,
म्हणजे उठली नाही, चाकं पुढे घेतली.
माझी तीन मिनिटं त्याला द्या.
मागून एका वेल्डरचे हात हलले,
दुभाषी म्हणाली, माझीही.
आणि बेथेलचा तो म्हातारा खानावळवाला,
विरोध करायला आलेला,
टोपी चुरगाळत म्हणाला, घ्या माझीपण,
मला तरी तेच तेच सांगायचं होतं.

टक.
बराच वेळ काही नाही.
टक.
शांतता टिपायची कळ माझ्या यंत्रात नाही.
अठ्ठावीस माणसं एका हनुवटीकडे बघत बसली,
कुणी खोकला तर अपराध्यासारखा खोकला.

मग यंत्र बोललं, सपाट,
हवामानाची बातमी सांगावी तसं:

माझ्या आईने मला बारा वर्षं
शाळेच्या अकरा पायऱ्या
शक्यतो उचलून नेलं नाही.
उचलून नेलं.

मतदान गुरुवारवर गेलं.
हातमोजे वाळले होते, न्यायला कुणी आलं नाही.
संध्याकाळी इतिवृत्त पक्कं करताना लिहिलं,
साक्षीदार एक, वेळ बारा मिनिटं.
वरच्या साहेबांनी समासात पेन्सिलने विचारलंय,
नियमात बसतं का?

खोडरबर माझ्याच खणात आहे.