पाटीवर आठ ओळी

ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन आला: पाटी करायची आहे,
चार बाय तीन, पत्र्याची, निळ्यावर पांढरं.
'येथे चिरविश्रांती घेत असलेल्या नामांकित व्यक्ती.'
जागा आठ नावांची. रंगाऱ्याचे पैसे अश्दोदहून आलेत.
तुम्ही जुने, तुम्हाला माहीत.

चिंचपोकळीचं फाटक ढकललं, गंज हाताला लागला.
परकारचाचा खाटेवरून उठले,
किल्ल्यांचा जुडगा वाजवला उगीच;
कुलूप नव्हतंच लावलेलं.

पहिलं नाव सोपं.
सुभेदार मेजर एलोजी हसाजी वाक्रूळकर.
तीन मेडलं दगडात कोरलेली,
चौथ्याला जागा उरली नाही म्हणून ते कडेला, आडवं.
दुसऱ्या डॉक्टर सेगुलाबाई थळकर.
अर्धं भायखळा पहिल्यांदा रडलं ते हिच्या हातांत.
तिसरी मिस शबनम, मुक्या चित्रपटांतली,
खरं नाव रिबका चिंचोळकर.
बोलपट आले आणि मालकांना कळलं
की बाई बोलते अस्सल अलिबागी, तेही नाकात.
मग वीस वर्षं शिवणाचा क्लास.
दगडावर दोन्ही नावं नाहीत. नुसतं 'मावशी'.
चौथे हायम नौगावकर, अंपायर,
ज्यांनी भर मैदानात स्वतःच्या जावयाला पायचीत दिलं
आणि लेक सहा महिने माहेरी फिरकली नाही.

पाचव्यापाशी गवत गुडघ्याएवढं.
अक्षरं हिब्रू; मला येतात, पण बोट ठेवून.

परकारचाचा मागे मागे.
'हे सगळे घेतलेत. आणि शेहेचाळीस नंबर?'
शेहेचाळीस कोण?
'दीनाबाई.'
नावाजलेली होती?
'ते मला काय ठाऊक! पण दर रविवारी एक जण येतो,
वरळीचा कोळी, माझ्याहून म्हातारा,
दगडावर तळलेला बोंबील ठेवतो, निघून जातो.
मांजरं शनिवारपासूनच बसून असतात.'
का ठेवतो?
'मी विचारलं नाही.'

वहीत लिहिलं: दीनाबाई. खोडलं.
मेजरसाहेबांच्या कठड्यावर जरा टेकलो.
परत लिहिलं.

रंगाऱ्याने नमुना धाडला होता, तो खिशात होता.
उलगडला. शीर्षक ठसठशीत:
'नामाकित व्यक्ती'.
मी पेन काढून 'मा'वर टिंब दिलं,
आणि मग मागच्या भिंतीकडे जावंच लागलं,
जिथे गिरणीच्या चिमणीची सावली चारनंतर पोचते.

बाबा. बन्यामीन शालोम आष्टमकर.
एकतीस वर्षं गिरगावातल्या छापखान्यात जुळारी.
शिशाचे खिळे बोटांनी ओळखायचे,
उलटं, आरशातलं वाचायचे झरझर;
सरळ छापलेलं वाचताना मात्र अडखळायचे.
दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतली चूक दिसली
तर जेवण सोडून यजमानाला गाठायचे.
त्यांच्या दगडावर लिहिलंय: 'चिरशाती'.

कारागीर म्हणाला होता, टिंब राहिलं,
आता वेगळे आठ आणे पडतील.
माझ्याकडे होते. आईने हात धरला.
राहू दे, म्हणाली,
त्यांना तिथे काहीतरी काम नको का?

तेव्हापासून येतो तेव्हा एक खडा आणतो
आणि बरोब्बर 'शा'च्या डोक्यावर ठेवतो.
परदेशातून आलेली पोरं फोटो काढतात,
त्यांना वाटतं, आपली जुनी रीत.
रीत तर आहेच.

आज मागचा खडा घरंगळला होता,
'ती'च्या वेलांटीत जाऊन बसला होता.
उचलला. पुसला. जागेवर ठेवला.

सेक्रेटरींना सात नावं कळवली.
आठवं? म्हणाले.
म्हटलं, रंगाऱ्याला सांगा, शीर्षक मोठं काढ,
आणि टिंब विसरू नको.

बाहेर पडताना नळावर हात धुतले.
पाणी बारीक येत होतं.
एक मांजर पाय दुमडून
शेहेचाळीस नंबरच्या दिशेला तोंड करून बसलेलं.
गुरुवार होता.