रकाना सातवा

फॉर्मवर सातवा रकाना आहे : बाजारातील संधी.
दोन ओळींची जागा.
मी कर्जविभागातली.
मंगळवारी निघाले भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून,
स्कर्ट गुडघ्यांत आवळून,
कंपालाच्या उत्तरेला, मातुग्गाच्या रस्त्यानं,
त्या दोन ओळी आणायला.

नालवोगा फाटकातच उभी होती.
पायात गमबूट, हातात चौकटीची वही,
लेकाचं नाव खोडून वर लिहिलेलं : आवक.

केळीची सालं, कालेरवे बाजार, अकरा पोती.
केळीची सालं, तिथलीच, ओली, नऊ.
हॉटेल, उरलेलं अन्न, चार पिंपं.
हॉटेल, तेच, चमचे, सहा.

चमचे?
"ढिगाच्या तळाशी निघतात.
घासून परत देते, बिलासोबत.
बिल लवकर पास होतं."

स्पर्धक कोण, हे आठव्यात विचारतात.
"शेळ्या," ती म्हणाली.
मी हसले. ती हसली नाही.

गेल्या वर्षापर्यंत बाजारातल्या बायका
पोत्यामागे दोनशे शिलिंग वर द्यायच्या,
ने गं बाई एकदाची, म्हणून.
मग कावेम्पेचा एक शेळीवाला आला,
त्यानं उलट पाचशे मोजले.
आता सालं सोलतानाच बायका भाव विचारतात.
कचऱ्याला भाव आला की तो कचरा राहत नाही,
आणि हिचा सगळा धंदा त्या फटीत उभा :
एकाला नकोसं झालेलं
दुसऱ्याला हवंसं होईपर्यंत
मधे जे दिवस जातात, त्यांत.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात.
इथे नव्वद दिवस.
पाऊस झोडपायला लागला तर एकशे दहा,
आणि ताडपत्रीचे पैसे वेगळे.

घेणारे?
रोपवाटिकेचा मुकीबी : महिन्याला चाळीस पोती,
कॉफीची रोपं विकली गेली की पैसे,
म्हणजे कधी, ते कॉफीला ठाऊक.
एंटेबेकडचे फुलवाले : हवंय, खूप हवंय,
फक्त प्रयोगशाळेचा दाखला आणा.
दाखल्याची फी म्हणजे दोन महिन्यांचं डिझेल.
टेकडीवरच्या बंगल्यांतल्या बायका :
छोटी पिशवी, चढा भाव, रोख,
आणि दर वेळी तोच प्रश्न, वास नाही ना येत?

"घाल हात," ती म्हणाली.
कुठे?
"ढिगात. वाचून काय कळणार?"
मनगटापर्यंत घातला.
बाहेर सकाळची गार हवा, आत
ताप चढलेल्या पोराची कूस.
झटक्यात काढला.
बोटांना चिकटलं होतं ते साल नव्हतं आता,
माती म्हणावं तर तीही नव्हती अजून.

तारण विचारायचं राहिलं होतं.
तिनं हनुवटीनं ढीग दाखवला.
ढीग चालत नाही, मी म्हटलं,
तो दर आठवड्याला खचतो.
"खचतो म्हणूनच तर विकला जातो."
मला पटलं. बँकेला पटणार नव्हतं.
बँक विश्वास ठेवते
जे जिथे ठेवलं तिथेच राहतं त्याच्यावर :
जमीन, पत्र्याचं घर, चालू नसलेला ट्रक.

निघताना तिनं पिशवी दिली, किलोभर.
लाच नको, म्हटलं.
"हजार शिलिंग," ती म्हणाली, हात पुढे करून.
दिले. तिनं वहीत लिहिलं : जावक, एक, बँक.

टेबलाशी परतले तर शेजारच्या ओकेलोनं
नाक वर करून खिडकी उघडली.
सातव्या रकान्यात लिहिलं : संधी आहे.
खोडलं. लिहिलं : मागणी आहे, पुरवठा आहे,
मधे शेळ्या आहेत.
तेही खोडलं.
दोन ओळींची जागा संपली.

साहेबांनी आतून विचारलं, किती वाजले?
मनगट पाहिलं.
घड्याळाच्या काचेवर आतून वाफ धरली होती.
चार की पाच, काटा दिसेना.